झुआरीच्या पुलावर बाण पाण्यात जातो, म्हणून अपडेट मारू का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात तीन प्रश्न एकात एक अडकलेत. थोडक्यात असं: २०१८ ची गाडी गेल्या वर्षी सेकंडहँड घेतलीत, पर्वरीहून रोज वेर्ण्याला कामाला जाता. झुआरीच्या नव्या पुलावर चढलं की स्क्रीनवरचा बाण पाण्यात जातो, मोपा विमानतळ शोधून सापडत नाही, आणि ब्लूटूथवर गाणं मधेच तुटतं. एका दुकानदाराने ‘सगळं सॉफ्टवेअर अपडेट करून देतो, साडेचार हजार’ असं सांगितलं. दरम्यान तुमच्या मॉडेलची म्हणून एक फाइल नेटवर मिळाली आहे, तर ती पेनड्राइव्हवर घालून घरीच मारावी का, असं तुम्ही विचारताय.

म्हापशाला गाड्यांच्या वायरिंगचं आणि ऑडिओचं काम करून मला बावीस वर्षं झाली. सुरुवात केली तेव्हा कॅसेटचे डेक यायचे, आणि आमची जुनी गिऱ्हाइकं दहा इंची टचस्क्रीनला आजही ‘टेप’च म्हणतात. त्या अनुभवावरून आधी उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो: ती फाइल तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन नकाशाच्या आहेत आणि एक बहुधा फोनची. तुम्ही मारायला निघालेली फाइल मात्र स्क्रीनच्या मूळ प्रोग्रॅमची, म्हणजे फर्मवेअरची, दिसते. नकाशा हा त्या प्रोग्रॅमने वाचायचा वेगळा ऐवज असतो. फर्मवेअर बदललं म्हणून मोपा विमानतळ उगवत नाही, जसं चष्मा बदलला म्हणून जुन्या वर्तमानपत्रात आजची बातमी येत नाही.

आधी नकाशाचं बघू. आतला नकाशा किती जुना आहे हे मेनूपेक्षा गोव्यातले पूलच खरं सांगतात. मेनूत ‘२०२३’ लिहिलेलं असलं तरी आतली माहिती त्याच्या बरीच आधी गोळा केलेली असू शकते. म्हणून गाडी दुकानात आली की मी तिची छोटी परीक्षा घेतो. पणजीत मांडवीवर अटल सेतू दिसतो का? तो जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला. काणकोणचा बगलरस्ता आहे का? तो २०१९ च्या अखेरचा. झुआरीच्या नव्या पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ च्या शेवटी सुरू झाली, दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये. मोपाहून प्रवासी विमानं उडायला लागली ती ५ जानेवारी २०२३ पासून. इथे एक फसगत होते. मोपा हे गाव पेडण्यात आधीपासून आहेच, त्यामुळे नुसतं ‘मोपा’ टाकलं तर जुना नकाशाही काहीतरी दाखवतो. शोधताना विमानतळांची यादी उघडा. तिथे गोव्यातलं जुनं दाबोळी विमानतळ एकटंच दिसलं, तर नकाशा जुना आहे असं समजायचं.

अटल सेतू दिसतो की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिसत असेल तर नकाशा २०१९ नंतर कोणीतरी एकदा बदललेला आहे. दिसत नसेल तर गाडी शोरूममधून निघाल्यापासून त्याला बहुधा कोणी हात लावलेला नाही. पहिल्या बाबतीत निदान एवढं कळतं की या गाडीला नकाशाचं अपडेट मिळतं आणि ते तिला चालतं. तुमच्या गाडीची खरी माहिती तिथून सुरू होते.

पण एक आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पैसे घालून झाल्यावर मला दोष द्याल. ताजा नकाशा घातला तरी मांडवीवर बाण अधूनमधून चुकणारच. उपग्रहावरून जागा कळते ती मोकळ्या आकाशाखालीसुद्धा काही मीटरच्या फरकाने. मग आतला प्रोग्रॅम सगळ्यात जवळचा रस्ता शोधून बाण त्यावर चिकटवतो. मांडवीवर दोन जुन्या पुलांच्या मधून अटल सेतू जातो, तोही त्यांच्यापेक्षा उंचावरून. उंचीचा अंदाज या यंत्रांना फारसा येत नाही. त्यामुळे तुम्ही वरून बांबोळीच्या दिशेने सुसाट निघालेले असता आणि आतली बाई सांगते, पुढच्या सर्कलला डावीकडे वळा. फोनवरच्या नकाशातही हे होतं. पर्वरीत उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून वळणं इतक्यांदा बदलली की ती गाडीतल्या नकाशात येईपर्यंत पुन्हा बदललेली असतात. झुआरीला मात्र तुमचा त्रास नव्या नकाशाने बऱ्यापैकी कमी होईल, कारण तिथे चढायचे-उतरायचे रस्तेच तुमच्या नकाशात नाहीत.

आता नकाशा बदलायचा कसा? ते गाडीवर अवलंबून आहे. काही गाड्यांत नकाशा एसडी कार्डावर असतो, काहींत पेनड्राइव्हने आत उतरवावा लागतो, काही नव्या गाड्या तो हवेतून, म्हणजे इंटरनेटवरून, आपोआप घेतात. कार्डाची गाडी असेल तर ते कार्ड काढून लॅपटॉपला लावून ‘फॉरमॅट करू का’ला चुकूनही ‘हो’ म्हणू नका. बऱ्याच कंपन्यांनी नकाशा त्या विशिष्ट कार्डाच्या अंगच्या ओळखक्रमांकाशी बांधलेला असतो. दुसऱ्या कार्डावर सगळं जसंच्या तसं उतरवलं तरी स्क्रीन ते ओळखत नाही. सेकंडहँड गाडीत ते कार्डच गायब असल्याचंही मी पाहिलंय. आधीच्या मालकाने ते कॅमेऱ्यात घातलेलं होतं.

माझं मत विचाराल तर, तुमच्या स्क्रीनला अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, म्हणजे फोन स्क्रीनला जोडायची सोय, असेल तर आतल्या नकाशावर एक रुपयाही घालू नका. त्यात नकाशा फोनचा असतो, स्क्रीन फक्त आरशासारखी तो दाखवते. नकाशा ताजा ठेवायचं काम फोन करतो, तेही फुकट. चोर्ला किंवा आंबोली घाटात रेंज जाते ही तक्रार खरी आहे, पण त्यावर घरीच वायफायवर तेवढा भाग फोनमध्ये उतरवून ठेवणं हा सोपा उपाय आहे. फोन जोडायची सोयच नसेल, तर मात्र अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर देऊन नकाशाची किंमत विचारा. कधीकधी एखादं अपडेट फुकट बाकी असतं आणि आधीच्या मालकाने ते घेतलेलंच नसतं.

आणि नकाशा बदललात तर सेटिंगमध्ये एकदा ‘फेरीबोट’ बघून घ्या. अपडेटनंतर आवडीनिवडी मूळपदावर येतात, यंत्र फेरीचा रस्ता जवळचा म्हणून धरतं, आणि मयेला निघालेला माणूस रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीच्या रांगेत उभा राहून मला फोन करतो.

ब्लूटूथचं लवकर संपवतो. गाणं तुटायला कधीपासून लागलं ते आठवा. फोनने नुकतंच स्वतःचं अपडेट घेतलं असेल तर स्क्रीन बहुधा निर्दोष आहे. फोनमधून गाडीचं नाव काढा, गाडीतून फोनचं काढा, दोन्ही बंद करून चालू करा आणि नव्याने जोडा. दोन्हीकडून काढणं महत्त्वाचं, नुसतं एकीकडून काढलं तर जुन्या जोडणीची नोंद दुसरीकडे तशीच राहते. तुमची गाडी दोन हात फिरलेली, म्हणजे त्या यादीत आधीच्या मालकाचे, त्याच्या बायकोचे, भावाचे फोन अजून असतील. त्यांचे नंबरसुद्धा आत पडलेले असतील. ते सगळं पुसा. वायरने जोडत असाल तर आधी वायर बदलून बघा. आमच्या हवेत आणखी एक गोष्ट होते. समुद्राचा खारा दमट वारा यूएसबीच्या सॉकेटमध्ये शिरतो आणि पितळेवर हिरवी बुरशीसारखी गंज धरते. टॉर्च मारून बघा. माझ्याकडे ‘सॉफ्टवेअर खराब’ म्हणून पावसाळ्यात आलेल्या गाड्यांपैकी कितीतरी कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी घरी गेल्या.

आता फर्मवेअर. ते कधी लागतंच नाही असं नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये दोन संशोधकांनी जीपची एक गाडी लांबून, तिच्या स्क्रीनच्या वाटेने शिरून, ताब्यात घेऊन दाखवली. त्यानंतर कंपनीने सुमारे १४ लाख गाड्या परत बोलावल्या आणि मालकांना पोस्टाने पेनड्राइव्ह पाठवले. कंपनी स्वतः सांगते तेव्हा ते अपडेट घ्यायचंच. स्क्रीन आपोआप बंद पडते, रिव्हर्स कॅमेरा उशिरा येतो, तारीख भलतीच दाखवते, अशा तक्रारींवर नव्या आवृत्तीत इलाज असल्याचं कंपनीने लिहिलं असेल, तेव्हाही घ्यायचं. ‘नवीन आलंय म्हणून’ मात्र मी कुणाच्या गाडीला अपडेट मारत नाही. इथे बहुतेक वेळा मागे जाता येत नाही. एकदा वर चढलात की जुनी आवृत्ती स्क्रीन घेतच नाही.

तुमच्या त्या फाइलबद्दल पहिला प्रश्न: स्क्रीन कंपनीचीच आहे का? सेकंडहँड गाड्यांत पुष्कळदा बाहेरून बसवलेली असते. सिस्टिमच्या माहितीचं पान उघडा. तिथे अँड्रॉइडची आवृत्ती आणि ‘एमसीयू’ अशी ओळ दिसली तर ती बहुधा बाहेरची आहे. मग गाडीच्या मॉडेलची फाइल तिच्या काय कामाची? या बाहेरच्या स्क्रीनमध्ये दोन डोकी असतात. एक अँड्रॉइडचं. दुसरं एमसीयूचं, जे रेडिओ, पॉवर, स्टीअरिंगवरची बटणं सांभाळतं. एमसीयूच्या नावात बऱ्याचदा बनवणाऱ्याची अक्षरं असतात, ती फाइलशी जुळली नाहीत तर बटणं मुकी, आवाज बंद, असे प्रकार होतात. शिवाय ८२२७एल या स्वस्त चिपवरच्या स्क्रीन स्वतःची अँड्रॉइड आवृत्ती सरळ खोटी दाखवतात. ‘१० आहे, १२ करून द्या’ म्हणत लोक येतात आणि आत असतं ८.१. तिथे अपडेट शोधण्यात अर्थ नाही.

स्क्रीन कंपनीची असेल तर हार्डवेअरचा नंबर, सध्याची आवृत्ती आणि कुठल्या देशासाठी आहे ते, अशा तीन गोष्टी अक्षरन् अक्षर जुळायला हव्यात. देशाचं लोक हसण्यावारी नेतात. अमेरिकेत एफएमची स्टेशनं विषम दशांशावर असतात, ८७.९, ८८.१ अशी. त्या देशाचं फर्मवेअर एका हौशी पोराने घरी मारलं आणि पणजी आकाशवाणीचं १०५.४ कायमचं गेलं. काटा १०५.३ वरून उडी मारून थेट १०५.५ वर. त्याच्या आजोबांनी त्याला घरात राहू दिलं नाही म्हणे.

फाइलचं नावही बदलायचं नाही. तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवली की ब्राउझर नावापुढे आपणहून (१) लावतो, आणि स्क्रीनला ती फाइल सापडत नाही. ही यंत्रं नावाच्या बाबतीत किती हळवी असतात त्याचं एक उदाहरण सांगतो. जानेवारी २०२२ मध्ये सिएटलच्या एका रेडिओ केंद्राने डिजिटल प्रक्षेपणासोबत काही चित्रं पाठवली. त्यांच्या नावाशेवटी ‘जेपीजी’सारखं शेपूट नव्हतं. तेवढ्याने २०१४ ते २०१७ च्या माझदा गाड्यांचे रेडिओ त्या स्टेशनवर अडकले, स्क्रीन पुन्हा पुन्हा बंद-चालू व्हायला लागल्या, आणि सुटा भाग बदलण्याची वेळ आली. गाडी चालवताना नुसता रेडिओ ऐकत होते बिचारे.

पेनड्राइव्ह जुना, साधा, ८ किंवा १६ जीबीचा घ्या. बहुतेक स्क्रीनना पेनड्राइव्हचा फॅट३२ हा फॉरमॅट लागतो. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत मोठ्या पेनड्राइव्हला तो पर्याय दिसतच नाही, म्हणून छोटाच बरा. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. तुमची फाइल त्याहून मोठी असेल तर कंपनी काय फॉरमॅट सांगते ते बघा, स्वतःच्या मनाने तोडू नका. त्यावर दुसरं काहीही नको, गाणी तर नकोच. मॅकवर तयार केलात तर तो टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली मागे ठेवतो, त्या पुसा.

आणि सगळ्यात जास्त स्क्रीन ज्याने मरतात ते सांगतो: वीज. मे महिना, शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार. दुकानासमोर सावलीत जागा नाही, म्हणून एका गिऱ्हाइकाची गाडी उन्हात लावलेली. किल्ली एसीसीवर, म्हणजे इंजिन न लावता स्क्रीनला वीज मिळते त्या खुणेवर, इंजिन बंद, अपडेट सत्तर टक्क्यांवर. मी दुसऱ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली कपलर शोधत आडवा पडलेलो. गाडीचे मालक, म्हणजे आमचे पात्रांव, चहा पिऊन आले, गाडीत बसले, उकडतंय म्हणून एसी लावायला त्यांनी सेल्फ मारला. सेल्फ फिरताना किल्लीचा स्विच एसीसीची लाइन तेवढ्यापुरती तोडतो, म्हणजे बॅटरीची सगळी ताकद स्टार्टरला मिळते. बॅटरीही त्या क्षणी १२ वरून १० व्होल्टच्या आसपास उतरते. स्क्रीन काळी झाली ती झालीच. पात्रांव म्हणाले, ‘मी कायच करूंक ना, फक्त एसी लावला.’ खरंच होतं ते. चूक माझी होती. बोर्ड उघडून मेमरीची चिप बाहेरून लिहून आणावी लागली, पैसे माझ्या खिशातून गेले, आणि गाडी नऊ दिवस अडकली. तेव्हापासून अपडेट चालू असलेल्या गाडीच्या स्टीअरिंगला मी लाल फडकं बांधतो.

इंजिन चालू ठेवायचं की बंद, हे कंपनीच्या सूचनेप्रमाणे. चालू ठेवा असं असेल तर उघड्यावर, कधीही बंद गॅरेजमध्ये नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी गाडी असेल तर ती सोय आधी बंद करा, कारण ती पुन्हा सेल्फच मारते. इंजिन बंद ठेवून करायचं असेल तर बॅटरीला मीटर लावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. अर्ध्या बॅटरीवर मी हात लावत नाही, चार्जर जोडूनच करतो. बटणस्टार्ट गाड्यांत काही वेळाने एसीसी आपणहून बंद होतं, आणि काहींत दार उघडलं की. तेवढं मॅन्युअलमध्ये वाचून घ्या. एसी, दिवे, पंखा बंद.

सुरू करण्याआधी प्रत्येक सेटिंगचा फोटो काढा, विशेषतः बाहेरची स्क्रीन असेल तर कॅमेरा आणि स्टीअरिंगच्या बटणांचे. मग मारा आणि हात मांडीवर ठेवा. स्क्रीन दोनतीनदा काळी होईल, टक्के एका जागी अडून बसतील. कंपनीने अर्धा तास सांगितला असेल तर एक तास थांबा. घाबरून किल्ली काढणारे बहुतेक लोक ती शेवटच्या पाच मिनिटांत काढतात.

झाल्यावर ‘जीपीएस गेलं’ म्हणून लगेच धावू नका. सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. गाडी मोकळ्या आकाशाखाली, माडांपासून आणि शेडपासून बाजूला, पंधरा मिनिटं उभी करा. मग कॅमेरा, माइक, चारही स्पीकर, बटणं बघा. कंपनीच्या स्क्रीनला बॅटरी काढून लावण्याची वेळ आली, तर त्याआधी चोरीपासून संरक्षणाचा कोड हाताशी आहे ना ते बघा. सेकंडहँड गाडीत तो कागद आधीच्या मालकाच्या कपाटात असतो.

साडेचार हजारांचं म्हणाल, तर त्या दुकानदाराला एवढंच विचारा: यात नकाशा आहे का, असेल तर कुठल्या साली गोळा केलेला, आणि स्क्रीन मेली तर कोण भरणार? उत्तर लेखी मागा. ‘सगळं अपडेट होतं’ एवढंच म्हणाला तर निघून या.

तूर्त सिस्टिमच्या माहितीच्या पानाचा फोटो आणि अटल सेतू दिसतो का ते इथे टाका. अँड्रॉइड ऑटोचं चिन्ह मेनूत आहे का तेही बघा. ते असेल तर उद्या सकाळी वेर्ण्याला जाताना फोन वायरने जोडा आणि झुआरीवर बाण कुठे जातो ते सांगा.